आजोबांनी उघडलेली पायपेटी

देवाने सहा दिवसांत जग जोडलं आणि सातव्या दिवशी विश्रांती घेतली. त्या दिवशी माझ्या आईचे वडील तिथे असते, तर देवाचा जरा डोळा लागलेला पाहून त्यांनी सगळं जग उघडून जमिनीवर मांडलं असतं आणि ‘चालतंय कसं ते तर बघू’ म्हणत पुन्हा जोडलंही असतं. जोडताना एखादी टेकडी उरली असती, ती त्यांनी कोटाच्या खिशात टाकली असती. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आम्ही तेव्हा लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत राहत असू. वडील मालधक्क्यावर कारकून होते. आजोबा नगरकडच्या मिशन शाळेत जन्मभर मास्तरकी करून निवृत्त झालेले. पाऊस सरला की ते आणि आजी आमच्याकडे येत, ते नाताळ करूनच परतत. आजीच्या सामानात शेंगा, कुरडया आणि माझ्यासाठी शिवलेलं परकर-पोलकं असे. आजोबांच्या सामानात कानस, पकड, हातोडी, सरस, मेणाचा गोळा आणि उरलेले स्क्रू. आल्या आल्या आधी प्रार्थना व्हायची आणि ‘आमेन’च्या पाठोपाठ त्याच दमात प्रश्न यायचा, “काय बिघडलंय?” काहीच बिघडलेलं नाही असं आईने सांगितलं की त्यांचा चेहरा उतरे, आणि मग नाइलाजाने ते चांगल्या वस्तूंकडे वळत. एका वर्षी त्यांनी कंदील सुधारला, तेव्हापासून तो फक्त छताला उजेड देऊ लागला. दुसऱ्या वर्षी दाराची कडी इतकी मजबूत केली की दुसऱ्या दिवशी वडिलांना खिडकीतून उडी मारून कामावर जावं लागलं. हरवलेल्या स्क्रूसाठी ते कुटुंबप्रार्थनेत नावानिशी विनंती करत. “आणि प्रभू, तो बारीक आट्यांचा, अर्ध्या डोक्याचा...” असं सुरू झालं की आम्ही सगळे डोळे किलकिले करून जमिनीवर शोधू लागायचो. बहुतेक वेळा सापडायचाही.

मी दहा वर्षांची असतानाची गोष्ट. आमच्या चर्चमध्ये पायांनी भाता मारून वाजवायची एक जुनी पायपेटी होती. त्या वर्षीच्या पावसाने तिचा भाता कुजला, उरलेला उंदरांनी खाल्ला. आजी-आजोबा आले त्याच प्रभुवारी, म्हणजे रविवारी, पाळकसाहेबांनी जड आवाजात जाहीर केलं, की यंदा नाताळची गीतं पेटीशिवाय म्हणावी लागतील. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आजोबा बाकावरून उठले. “पाळकसाहेब, ती मला द्या!” वडिलांनी मान खाली घातली. लोकांना वाटलं, प्रार्थना करताहेत.

पेटी बैलगाडीतून आमच्या बाहेरच्या खोलीत आली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पेटी म्हणावं असं काही उरलं नाही. पट्ट्या खाटेखाली, फळ्या भिंतीशी, सूर काढणाऱ्या पितळी जिभा ओळीने पंच्यावर. आम्ही त्यांच्यामधून उड्या मारत फिरायचो. कुरवंड्याहून दूध घालायला येणारी मावशी उंबऱ्यातच थबकली.

“आबा, ह्यी हाडं कुनाची म्हनायची?”

“पेटीची गं, मावशी. चर्चातली.”

“आन् ती पुन्यांदा उभी ऱ्हाईल?”

“राहील की!”

“व्हय का,” म्हणून तिने दूध ओतलं. पण पुढे रोज ती दुधाआधी हाडांची चौकशी करू लागली.

पाळकसाहेब आठवड्याने आले. त्यांनी आत एक नजर टाकली आणि पायरीवर बसूनच घेतलं. “मास्तर, हे होईल ना पुन्हा?” आजोबा म्हणाले, “यहेज्केल संदेष्ट्यापुढे खोऱ्यातली सुकी हाडं देवाच्या शब्दाने उठली, पाळकसाहेब. ही तर साधी लाकडं.” शास्त्रवचन आल्यावर पाळकसाहेब ‘आमेन’ म्हणून पायरीवरून उठले. वडील मात्र त्या दिवसापासून स्टेशनवर लांबच्या वाटेने जाऊ लागले, कारण जवळची वाट चर्चवरून होती.

पण खरं सांगते, त्या दिवसांत मी माझ्या आजोबांना पहिल्यांदा नीट पाहिलं. शाळेतून आले की त्यांच्यासमोर मांडी घालून बसायची. कामशेतच्या बाजारातून त्यांनी मेंढीचं मऊ कातडं आणलं, आणि त्याचा भाता असा शिवला की त्याला शिवण कुठे आहे ते बोटाला लागेना. ती जाड नखांची, खडूने कायमची पांढुरकी झालेली बोटं कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ जीभ उचलायची, तेव्हा मी श्वास रोखून धरायची. उपासनेत वाटावं तसं मला तिथे वाटे.

नाताळला आठ दिवस उरले आणि एक जीभ मधोमध तुटलेली निघाली. मुंबईहून नवी मागवायला वेळ नव्हता. आजोबा दोन दिवस घरातलं पितळ हाताळत हिंडले. सगळं जाड. तिसऱ्या दिवशी आजी बायकांच्या प्रार्थनासभेला गेली होती, तेव्हा त्यांना तिचं फुलपात्र दिसलं. तिच्या आईने दिलेलं, रोज घासून घासून झिजलेलं, कागदासारखं पातळ. माझ्या देखत त्यांनी ते कात्रीने कापलं.

आजी आली. जमिनीवरची उरलेली वाटोळी कड तिने उचलून पाहिली.

“अहो, विचारायचं तरी होतंत.”

“नाही म्हणाली असतीस तर?”

आजी आत निघून गेली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. आजोबांचं ताट ती वेळेवर वाढत होती, पण त्यांच्याशी बोलणं बंद.

आजोबांनी ठोकून ठोकून जीभ केली, पेटीत बसवली. आता सूर जुळवायचा होता, आणि इथे सगळं अडलं. आजोबांच्या हातात होतं ते सारं कानात नव्हतं. ते गाऊ लागले की चर्चमधली पुढच्या बाकावरची माणसं मागे वळून पाहत. कान होता आजीला. आजोबांनी आधी मला विचारलं, मग आईला. मी म्हटलं चढा, आई म्हणाली उतरलेला. शेवटी त्यांनी पेटी ओढत स्वयंपाकघराच्या दाराशी नेली. आत आजी पाठ करून तांदूळ निवडत होती. त्यांनी खालच्या सप्तकातला तोच जुना सूर वाजवला, मग नवा. आत सुपाचा आवाज चालूच. पुन्हा वाजवले. तिसऱ्यांदा वाजवले तेव्हा सुपातून नजर न काढता ती म्हणाली,

“उतरलाय.”

आजोबांनी जीभ काढली. टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांनी टोकाशी दोनदा कानस फिरवली. वाजवलं.

“चढा.”

दोन दिवस त्या घरात नवरा-बायकोत एवढे दोनच शब्द चालले. दुसऱ्या दिवशी चार वाजता त्यांनी वाजवलं आणि आतून काहीच आलं नाही. ते कानस धरून बसून राहिले. आजीने पदराने डोळे टिपले.

“आता बरोबर आहे,” ती म्हणाली. “चहा घेता का?”

नाताळच्या सकाळी पेटी चर्चमध्ये उभी होती. आजोबा बाकावर बसायला तयार होईनात. ते पेटीशेजारी जमिनीवर बसले, कोटाच्या खिशातून पकडीची मूठ बाहेर. पाळकीणबाईंनी पाय मारला, पट्ट्यांवर बोटं ठेवली, आणि जो आवाज उठला त्याने लोक पहिलं कडवं म्हणायचंच विसरले. वडील सगळ्यांत मोठ्याने गायले. गाता गाता आजीचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. “ऐकलंस? माझं फुलपात्र!” तो सूर त्या गीतात फार वेळा येत होता, आणि दर वेळी कोपर. उपासना संपेपर्यंत माझी कूस दुखू लागली. दाराबाहेर कुरवंड्याची मावशी दुधाची चरवी घेऊन उभी होती. “उटली की वो हाडं, आबा!” ती म्हणाली.

पुढे दोन वर्षांनी आजी वारली. त्या हिवाळ्यात आजोबा एकटेच आले. ‘काय बिघडलंय’ असं त्यांनी विचारलं नाही. ओट्यावर खुर्ची टाकून धुक्याकडे पाहत बसायचे, दोन घास खाऊन हात धुवायचे. आठवडा असा गेला. एका सकाळी मी पाहिलं, आई शिवणयंत्राशी वाकली, एक बारीक स्क्रू तिने फिरवून काढला आणि मुठीत धरला. मग ओट्यावर गेली.

“बाबा, मशीन टाका घेत नाही. पोरीचे कपडे अडलेत.”

आजोबा उठून आले. त्यांनी चाक फिरवलं, वाकून पाहिलं. क्षणभराचं काम होतं, ते मलासुद्धा कळत होतं. त्यांनी आईच्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. आई जमिनीकडे पाहत राहिली.

“मोठं काम आहे,” आजोबा म्हणाले. “सगळं उघडावं लागेल.”

“उघडा ना.”

त्यांनी जमिनीवर पंचा अंथरला आणि खाली बसले. आईने आत जाऊन एका भाकरीचं पीठ जास्त घेतलं.