आपाच्या पेटीतला रशियन

त्या नामांकित रशियन लेखकासाठी त्याच्या देशानं केलं नसेल, एवढं दुबईत देऱ्याच्या खाडीजवळ राहणाऱ्या आमच्या आपानं केलं. आपा म्हणजे थोरली बहीण, आम्ही सगळेच तिला तसं म्हणायचो. ती रत्नागिरीची. रशियन सोडाच, तिला इंग्रजीही येत नव्हतं. पण तिचा धाकटा भाऊ शाळामास्तर होता. त्यानं त्या लेखकाच्या गोष्टी इंग्रजीवरून मराठीत उतरवल्या, सात वह्या भरल्या आणि शेवटची गोष्ट अर्धी टाकून छातीच्या दुखण्यानं तो गेला. नवऱ्यामागून दुबईला येताना इतर बायका मसाला आणत. आपानं त्या वह्या आणि ते इंग्रजी पुस्तक पेटीत घालून आणलं.

खाडीच्या खाऱ्या हवेत वह्यांची शाई विरायला लागली, तसा आपानं कायदा काढला. तिचा नवरा, म्हणजे आमचे दुल्हाभाई, रत्नागिरीला जाणाऱ्या लाँचवर तांडेल, खलाशांचे मुकादम. गावी पार्सल पाठवायचं तर त्यांच्याच हाती. आपा म्हणे, पार्सल जाईल, पण आधी वहीतलं एक पान उतरवून द्यायचं. मग काय विचारता! शिंपी, खलाशी, आमच्या पेढीतले आम्ही कारकून, सगळे तिच्या चटईवर मांडी घालून रशियन साहित्य उतरवू लागलो. भावाच्या बरसीला ती शिरा करी आणि एक वाटी त्या लेखकाच्या नावानं काढी. ती वाटी त्या दिवशी गोष्ट वाचणाऱ्याची, म्हणून माझं वाचन फार सुधारलं. वाचताना बर्फाचं वर्णन आलं की खलाशी हळहळत. एवढ्या बर्फात सुरमई किती दिवस टिकेल, याचा हिशेब मांडत.

एकदा मात्र कहर झाला. मेसचा एक आचारी भराभर पानं उतरवून देई. बिचाऱ्यानं जन्मात घरच्या पत्रांशिवाय काही लिहिलं नव्हतं, त्यामुळे पान संपलं की हात आपोआप पुढे चाले. सहा महिन्यांनी आपानं तपासलं, तर गोष्टीतला म्हातारा तापानं मरतो आणि खाली लिहिलेलं, ‘मी खुशाल आहे. काळजी नसावी. वडिलांस सलाम, लहानांस दुवा.’ आपा तोंडाला पदर लावून हसली, इतकी की डोळ्यांत पाणी आलं. मग फूटपट्टी घेऊन बत्तीस सलाम खोडत बसली.

त्यानंतर आपानं उतरवलेली पानं मुंबईच्या एका प्रकाशकांना धाडली, त्यांचं पत्र आलं. गोष्टी पसंत होत्या, पण शेवटची पुरी करून पाठवा, ती मोठी गोष्ट नसेल तर पुस्तकच नको, असं त्यांनी कळवलं होतं. पावसाळ्यात लाँच बंद. त्याआधीची शेवटची खेप चार दिवसांवर आलेली. आपा अडून बसली. दुल्हाभाईंनी समजावलं. मीही म्हटलं, पेढीची इंग्रजी पत्रं मीच लिहितो, उरलेलं मराठीत करून देतो. तिचं एकच, माझ्या भावाच्या गोष्टीला दुसऱ्याचा हात लागायचा नाही. मला खरं सांगायचं तर रागच आला. तीन वर्षं सगळ्यांना राबवून घेतलं आणि आता हा हट्ट!

तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच इंग्रजी पुस्तक माझ्यासमोर ठेवलं.

“लिही तू. खलास कर एकदाचं. पण मला वाचून दाखवू नकोस.”

संध्याकाळपर्यंत मी उरलेली चार पानं मराठीत केली. तिथेच, तिच्या चटईवर. आपानं पानं हातात घेतली. ती वाचत नव्हती, नुसती बघत होती. ओळींवरून तिचं बोट फिरायला लागलं, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तीन वर्षं त्या वह्या उतरवता उतरवता माझं अक्षर हुबेहूब तिच्या भावासारखं झालं होतं. मला त्याचा पत्ताच नव्हता.

“किती दिवसांनी लिहिलंस रे,” ती पानांकडे बघत म्हणाली.

हे मी लिहिलंय, असं सांगायला माझी जीभ रेटली नाही. मी खाली मान घालून दौतीचं झाकण लावत राहिलो.