राहणी समाधानकारक

लग्न होऊन अंधेरीला आले तेव्हा मी आईला पत्रात लिहिलं, 'आम्ही बंगल्यात राहतो.' अगदीच खोटं नव्हतं. फाटक बंगल्याचंच होतं. फक्त पायऱ्या न चढता डावीकडे वळायचं. तिथे मोटार ठेवायचं गॅरेज होतं, आणि त्यात आम्ही तिघं: हे, सासूबाई आणि मी. चौथं पोटात. खिडकी नव्हती. मोटारीला कशाला हवी खिडकी? पत्र्याचं दार लावलं की भर दुपारी दिवस मावळायचा. जमिनीवर तेलाचा काळा डाग होता, तो राखेने घासून घासून माझी नखं गेली, डाग गेला नाही.

मग मालकांनी मोटार घ्यायचं ठरवलं. ह्यांना म्हणाले, "महिनाअखेर जागा मोकळी करा." पागडी देऊन खोली घेणं आमच्या बापजन्मी जमणारं नव्हतं. तेवढ्यात ह्यांना कचेरीत कळलं, की कमी पगाराच्या कुटुंबांसाठी सरकार मुलुंडला गाळे बांधतंय. अर्ज केला. एक दिवस हे येऊन म्हणाले, "परवा त्यांचा माणूस पाहायला येणार आहे."

पाहायला येणार म्हटल्यावर काय करायचं हे मला कुणी शिकवायला नको होतं. मला पाहायला आले होते तेव्हा काकूने खुर्च्या, भिंतीवरचं घड्याळ, माझ्या हातातल्या बांगड्यासुद्धा शेजारून आणल्या होत्या. मी तेच केलं. मालकिणीकडून दोन वेताच्या खुर्च्या, गालिचा, पडदा आणि चांदीच्या वाट्या आणल्या. तिने हसतमुखाने दिल्या. आम्ही जितक्या लवकर उठू तितकं तिला हवंच होतं. पडदा पत्र्याच्या दारावर, गालिचा डागावर. आणि केशर घालून शिरा.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, तो जागा द्यायला येतोय की हुंडा?"

"आपलं घराणं दिसायला नको का?" मी म्हटलं.

एकोणीस वर्षांची होते. अक्कल अजून माहेराहून यायची होती.

तो माणूस आला, खुर्चीत बसला, शिरा दोनदा घेतला, वहीत चार ओळी लिहून गेला. मी खूश. स्थळ पसंत पडलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. इंग्रजीत होतं. ह्यांनी दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात घातलं.

"काय म्हणतात?"

"आपली राहणी समाधानकारक आहे म्हणतात."

"मग? मी काय म्हणत होते?"

"अगं, समाधानकारक आहे म्हणून गाळ्याची गरज नाही. अर्ज दप्तरी दाखल. म्हणजे पुरला."

महिना संपायला आठ दिवस होते. सासूबाईंनी केशराची रिकामी डबी माझ्यापुढे आणून ठेवली. तोंडावर बोलली ती फाटकाशी पाटी उतरवणारी वेसाव्याची कोळीण. सगळं ऐकून म्हणाली, "अगो बाय, भीक मागाला बसलीस ती शालू नेसून?"

"भीक नव्हते मागत. सरकारनं आमच्यासारख्यांसाठीच बांधलेत ते."

"मग हक्कानं माग ना. शिरा नि गालिचा कनाला?"

दुसऱ्या दिवशी मी एकटीच त्या गाळेवाल्या कचेरीत गेले. दारातला कारकून म्हणाला, "यजमानांना पाठवा, बाई."

"यजमानांनी शिरा केला नव्हता," मी म्हटलं, आणि आत गेले.

शिरा खाल्लेला माणूस टेबलाशी होता. त्याने ओळखलं. मी उभ्यानेच सांगितलं: खुर्च्या मालकिणीच्या, गालिचा मालकिणीचा, ज्या वाटीतून तुम्ही खाल्लंत ती वाटीसुद्धा तिचीच. आमचा फक्त रवा. आणि ती जागा मोटारीची आहे.

"म्हणजे तुम्ही फसवलंत मला?"

"हो. पण साहेब, लोक तुमच्याकडे खोटी गरिबी घेऊन येतात. मी खोटी श्रीमंती दाखवली. त्यात सरकारचं काय गेलं? बुडणार ते आम्हीच."

तो हसला नाही. कागद पुढे सरकवला. "हे सगळं लिहून द्या. सही करा."

बोलले होते भराभरा, पण लिहायला हात उचलेना. 'आम्ही मोटारीच्या गॅरेजात राहतो' हे मी आईलासुद्धा लिहिलं नव्हतं. लिहिलं. खाली लिहिलं, 'आम्ही गरीब आहोत.'

त्याने वाचलं. जरा अवघडून म्हणाला, "गरीब कशाला? अल्प उत्पन्न लिहा."

"अल्प तर अल्प. गाळा मात्र पुरता द्या."

तो न कळवता पुन्हा आला. मी त्याला डागाशेजारी सतरंजीवर बसवलं, पाणी दिलं आणि दार लावून घेतलं. त्या अंधारात तो थोडा वेळ बसला, मग "उघडा" म्हणाला. मंजूर झाल्याचं तोंडी सांगून गेला, पण कागद यायच्या आत महिना संपला आणि मोटार आली. काळीभोर, चकचकीत. मालक दारात उभे.

"आज उठायचं ठरलं होतं."

"कागद आला की उठू," मी म्हटलं. मागे हे खाकरत होते, मी वळून पाहिलं नाही. "तोवर मोटार राहील बाहेर. तिला कुठे दिवस गेलेत?"

मोटार आवारातल्या जांभळाखाली लागली. कागद यायला अडीच आठवडे लागले, आणि ते दिवस नेमके जांभळं पिकायचे होते. मालक रोज सकाळी फडकं घेऊन टपावरचे डाग पुसायचे. मी दारात तांदूळ निवडत बघत बसायचे.