मोडलं की घ्यायचं

द्वारका चौकाच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या मामांचा एकच कायदा होता. गिऱ्हाईकानं भेंडीचं टोक मोडून पाहिलं की ते ओरडायचे, "मोडलं की घ्यायचं!" त्या धाकानं मी कधी त्यांच्या भेंडीला हातच लावला नाही.

मोबाइलमध्ये अजून कॅमेरे आले नव्हते, तेव्हा ऑफिसनं मला एक इलेक्ट्रॉनिक डायरी तपासून रिपोर्ट द्यायला सांगितलं. तिच्यात कॅमेरा होता, गाणी होती आणि पडद्यावर टेकवून लिहायला प्लास्टिकची काडी होती. मी ऐटीत मामांना दाखवली.

मामांनी ती आधी तराजूत टाकली. "पावशेर बी नाय." मग वास घेतला. "चार्जिंग किती टिकतं?"

"सहा तास."

"म्हंजी मेथीपरीस नाजूक माल."

फोटो काढतो म्हटल्यावर स्वतः बाजूला सरून त्यांनी वांगी पुढे केली. मग काडी हातात घेतली आणि बोलता बोलता घाऊक बाजारात भेंडी पारखायच्या सवयीनं त्यांच्या अंगठ्यानं तिचं टोक दाबलं. कट्!

मामा पडल्या आवाजात स्वतःलाच म्हणाले, "मोडलं की घ्यायचं." त्यांनी तुकडे खिशात घातले आणि एक कडक भेंडी निवडून मला दिली.

मी ती पडद्यावर टेकवली. डायरी चालली!

ऑफिसात डायरी परत करताना मी 'सोबत काडी, एक' असं लिहून भेंडी जोडली. साहेबांनी ती उचलली, निरखली आणि टोक मोडून पाहिलं.

"मोडलं की घ्यायचं!" मी ओरडलो.