कुळाचाराचा गोंधळ, मुक्काम व्हेनिस

व्हेनिस मला आवडलं नाही, कारण मी त्यात पडलो. आमच्या हिला ते फार आवडलं, आणि कारणही तेच!

त्याचं असं झालं. सोलापूरच्या एका गिरणीत मी सूत रंगवायच्या खात्यात होतो. मालकांनी मला पुढचं शिकायला विलायतेला धाडायचं ठरवलं. पोरगा तिकडून मडम घेऊन येईल या भीतीनं आईनं दुधनीची मुलगी पाहून घाईघाईनं माझे दोनाचे चार हात केले. (कुठली मडम मला पत्करेल, ही शंका आईला आली नाही. आईच ती!) पण या घाईत लग्नानंतरचा देवीचा गोंधळ तेवढा राहून गेला.

"गोंधळ घातल्याशिवाय संसाराला सुरुवात करायची नाही, सांगून ठेवते!" आईनं बजावलं. "तोवर निजायच्या खोल्या वेगळ्या!"

मी मान डोलावली. म्हटलं, बोट सुटली की आई राहील सोलापुरात. पण आईनं स्वतःला शोभेलशी सून शोधली होती! बोटीवर ही बायकांच्या खोलीत ठाण मांडून बसली, आणि नवरदेव एका घोरणाऱ्या कर्नलाशेजारी तळमळत पडले.

व्हेनिसला उतरलो. काय ते महाल, काय ते पूल! माझा आ वासलेला मिटेना. हिनं मात्र नाकाला पदर लावला.

"अहो, ह्यांच्या गल्लीत पाणी तुंबलंय की!"

"तुंबलं नाही, इथं असंच असतं. जगात नावाजलेलं शहर आहे हे!"

"लई नावाजलंय! आमी घागरभर पाण्यासाठी उन्हातान्हात आड गाठतो. हितं दारात पाणीच पाणी, आन् तांब्या बुडवावा वाटत न्हाई!"

तेवढ्यात पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेला, कमरेला लाल शेला बांधलेला एक दांडगा गडी आमच्याकडं बघून ओरडला, "गोंडोला! गोंडोला!"

ही जागीच थबकली. "अगंबाई! अहो, हा गोंदळ म्हणायलाय!"

मी सांगणार होतो, अगं, ती होडी. पण तेवढ्यात त्या नावाड्यानं खड्या आवाजात गाणं सुरू केलं आणि हिचे हात आपोआप जोडले गेले. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"इकडचा गोंधळीच आहे तो!" मी ठोकून दिलं. "उरकून टाकू की गोंधळ!"

वाटलं होतं, होडीत बसू, गाणं ऐकू, की झालं काम. पण आईनं निघताना दिलेलं गाठोडं हिनं सोडलं. होडीतच तांदळाचा चौक मांडला, हळदकुंकू वाहिलं, दिवटी पेटवली आणि माझ्या हातात दिली.

"नाचा!"

"कुठं?"

"हितंच की! यजमान नाचल्याबिगर देवी पावती व्हय?"

नाचलो! सूट, बूट आणि गळ्यात टाय, अशा थाटात नाचलो. "उदो गं अंबे, उदो!" हिनं आरोळी ठोकली. त्या मेल्या नावाड्यानं ताल धरला. आजूबाजूच्या होड्या थांबल्या, पुलावर ही गर्दी! टाळ्या ऐकून मला चेव आला. (तिथंच घात झाला.) मी एक गिरकी घेतली, दिवटी नावाड्याच्या टोपीला लागली, टोपी पेटली, तो घाबरून माझ्या अंगावर आला, आणि मी दिवटीसकट पाण्यात! शेवटी त्यानंच मला वल्ह्यानं ओढून बाहेर काढलं. पुलावरचे लोक म्हणे पुन्हा एकदा करा!

"झाला बाई गोंदळ," ही समाधानानं म्हणाली. "देवीनं आंघोळपण घातली!"

आणि आम्हाला एक खोली मिळाली. संसाराला सुरुवात झाली ती सुंठीच्या काढ्यानं. मी हुडहुडत होतो आणि ही छाती शेकत होती.

शिक्षण आटोपून सोलापूरला परतलो, तेव्हा हिच्या कडेवर आमचं लेकरू. आईनं आम्हाला उंबऱ्यातच अडवलं.

"आधी सांग, गोंधळ झाला होता का?"

"झाला की, सासूबाई. साऱ्या गावानं बघितला."

"परमुलखात कुणी घातला गं?"

हिनं पदराआड हसू दाबत माझ्याकडं बोट दाखवलं.

"ह्यांनीच!"

आईनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि भाकरतुकडा ओवाळता ओवाळता म्हणाली, "वाटलंच मला!"