फोटोचा शर्ट

माझ्या धंद्याचं भांडवल म्हणजे एक जुना कॅमेरा, एक पांढरी चादर आणि माझ्या लग्नातला कॉलरचा शर्ट. दुकान नाही, पाटी नाही, डोक्यावर मालकही नाही. चिकलठाण्याला कारखान्यांच्या फाटकासमोर एक कडुलिंब होता, त्याला चादर बांधली की झाला स्टुडिओ. भावकीतले म्हणायचे, मेंढरं सोडून शहरात गेलास ते झाडाखाली बसायलाच का? मी म्हणायचो, मेंढरं सांगितलेलं ऐकत नव्हती, इथं माणसं निदान मान तरी सरळ करतात.

तेव्हा जिकडं तिकडं नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या आणि खेड्यापाड्यांतली पोरं भाकरी बांधून कामाला येत होती. गेटपासाला फोटो लागायचा, आणि साहेबलोकांचा हट्ट असा की फोटोत कॉलर दिसली पाहिजे. पोरांच्या अंगात नुसती बंडी नाहीतर विटका सदरा. म्हणून माझा शर्ट. सासऱ्यांनी तो माप न घेताच शिवून आणला होता, चांगला ढगळ. जाड्याला तो तसाच बसायचा, लुकड्याला मी पाठीमागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचो. समोरून साहेब, मागून धुण्याची दोरी. कुठल्याही कारखान्यात जा, पासावर माझाच शर्ट. बायको म्हणायची, "शर्टाला एवढ्या नोकऱ्या लागल्या, नवऱ्याला एक लागंना."

दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे होते. आज मोर्चा, उद्या बंद. औरंगपुऱ्यात माझा एक दोस्त फोटो धुवून द्यायचा, तोही अर्धं शटर पाडून आत बसलेला असायचा. खेड्यांतून घरं जाळल्याच्या बातम्या यायच्या आणि चहाच्या टपरीवरची माणसं एकमेकांची नावं, गावं विचारून मगच बोलायला लागली होती. मला त्याचा लई वैताग यायचा.

अशात एका दुपारी पाचोडकडून टेम्पो भरून पोरं आली. फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर द्यायचे होते. जो देणार नाही त्याची जागा दुसऱ्याला जाणार. थंडीचे दिवस, ऊन खाली चाललेलं, आणि माझ्याकडं दिवा नाही. मी घाई केली. रांगेत पहिला पोरगा आला, "जय भीम, दादा," म्हणाला, शर्ट घालून ताठ उभा राहिला. त्याचा फोटो झाला. तो शर्ट काढून पुढच्याला देणार, तेवढ्यात पुढच्या पोराचा चुलता मधे आला. पांढरं धोतर, मोठा फेटा, गावात वजन असलेला माणूस.

"हा शर्ट धुतल्याबिगर आमचं पोरगं घालणार नाय."

"काका, आमच्या धंद्यात आधी फोटो धुतात, शर्ट मागून," मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

"मी काय बोललो ते कळलंय तुम्हाला."

कळलं सगळ्यांनाच होतं. पहिला पोरगा शर्ट हातात धरून खाली बघत उभा होता. माझं टाळकं सटकलं. पण रांगेतली बाकीची पोरं त्या चुलत्याच्याच गावची. त्यानं एक शब्द टाकला असता तर अख्खा टेम्पो माघारी फिरला असता, त्यांच्या नोकऱ्या गेल्या असत्या आणि फाटकासमोरचं माझं झाडही सुटलं असतं. तरी तोंड काय गप्प राहीना.

"शर्ट एकच हाय," मी म्हणालो. "घालायचा त्यानं घालावा, नाय त्यानं गावाकडं जाऊन मेंढरं राखावी. मी राखलीत, काय वाईट नसतं."

पुतण्यानं चुलत्याकडं बघितलं, मग कारखान्याच्या फाटकाकडं बघितलं. मग हात पुढं करून पहिल्याच्या हातातला शर्ट घेतला, अंगात घातला आणि वरची गुंडी लावत म्हणाला, "नाना, शर्ट अजून ऊन ऊन हाय. थंडीचं बरं वाटतंय."

शर्ट त्याला लई ढगळ होत होता. माझे हात कॅमेऱ्यात अडकलेले. पहिल्या पोरानं माझ्या खांद्यावरचे चिमटे काढले आणि त्याच्या पाठीमागं जाऊन नीट लावले. "हलू नको, गड्या," तो म्हणाला, "न्हाईतर साहेबाचा परत गडी व्हशील."

पुतण्याला हसू फुटलं आणि मी बटण दाबलं. एरवी हसरा फोटो चालत नसे, मी पोरांना दटावायचो. तो मात्र तसाच ठेवला, आणि सकाळी फाटकावर तसाच पास झाला. चुलता टेम्पोत जाऊन पाठ करून बसला. त्याच्यामागं कुणी गेलं नाही. रांग ऊन संपेपर्यंत चालली.

रोल औरंगपुऱ्यात टाकून मी घरी आलो. बायकोनं शर्ट हातात घेतला, कॉलर बघितली. "आज लई मळलाय. कुणाकुणाचा घाम हाय ह्यात?"

मी तिला सगळं सांगितलं, कोण आधी, कोण मागून, चुलता काय म्हणाला ते. तिनं शर्ट बादलीत बुडवला.

"मग?" ती म्हणाली. "साबण काय दोन लागतात व्हय?"