बाइंडरकाकांची न झालेली सही

आमचे काका बाइंडर. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या घरांतली बायबलं त्यांच्या हाताखालून गेलेली. जुनं बायबल नव्यानं शिवायचं तर आधी ते पार उसवावं लागतं. काका सुटे फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, टेबलावर ओळीनं मांडत आणि सरस गरम होईपर्यंत वाचत बसत. येशूची कथा सांगणारी चारही शुभवर्तमानं अशी शेजारी शेजारी चाळीस वर्षं वाचल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार? त्याच्या रिकाम्या कबरीपाशी एकात एक देवदूत, दुसऱ्यात दोन. "माणसांनीच लिहिलंय," काका म्हणत. "जसं आठवलं तसं, बिचाऱ्यांनी."

घरात म्हणत होते तोवर ठीक होतं. एकदा चर्चच्या पाळकांसमोर बोलून बसले.

काका वीस वर्षं दर रविवारी उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचत. नजर गेल्यापासून काकू पहिल्या बाकावर बसून तेवढंच ऐकत. घरी वाचू का विचारलं तर म्हणत, "नको, घरी तुम्ही जांभया देता." आता पाळकांनी फर्मान काढलं: शास्त्राचा शब्द न् शब्द देवाच्या मुखातून आला, अशा कागदावर सही करेल तोच वाचेल. कागद टाइप केला मी, मंडळीच्या सेक्रेटरीनं. घेऊनही मीच गेलो. असली कामं नेमकी माझ्याच गळ्यात पडतात.

"काका, करून टाका. कोण बघतंय?"

काका दमले होते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ज्याच्यासाठी वाचतो, तो बघतोय ना रे. त्याच्यापुढे खोटी सही कशी करू?"

"पण पुस्तकच माणसांचं म्हटल्यावर विश्वास कशावर ठेवायचा?"

"त्याच्यावर. तुझ्या बापाबद्दल मी एक सांगतो, आत्या दुसरंच सांगते. म्हणून काय तुझा बाप नव्हताच?"

खरं तर मला वाद घालायचाच कंटाळा आला होता. कागद तसाच परत आणला.

रविवारी वाचायला कुणी मिळेना, तेव्हा त्याच कागदावर मी सही ठोकली. शेवटची प्रार्थना मनापासून कधी केली, मला आठवत नाही. पण कागदात तो प्रश्नच नव्हता. मी खणखणीत वाचलं. काकांनी शिवलेलं बायबल हात न लावता उघडं राहिलं. काका काकूंशेजारी मान खाली घालून ऐकत होते.

बाहेर पडताना काकूंनी माझा हात चाचपला.

"आवाज छान आहे हो तुझा," त्या म्हणाल्या. "पण हे वाचायचे ना, तेव्हा समोर कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं. आज कुणीच नव्हतं रे."