नाना आणि काळा पडदा

ज्या वस्तू आपण कधी पाहिलेल्याही नाहीत त्यांच्याविषयी अख्ख्या खानदेशात सर्वांत ठाम मत कुणाचं, अशी स्पर्धा कुणी भरवली, तर आमच्या चुलतसासऱ्यांना बक्षीस घ्यायला घराबाहेर पडावं लागणार नाही. परीक्षकच ते धुळ्याला आणून त्यांच्या ओट्यावर ठेवतील. धुळ्यात इंटरनेट यायच्या दोन वर्षं आधी ब्राउझरविषयीचं त्यांचं मत तयार होतं. पुढे इंटरनेट आलं, पण तेवढ्याशा कारणासाठी मत बदलावं असं त्यांना वाटलं नाही. अमेरिकेतल्या कोणत्या कंपनीचं कुठे चुकतंय हे त्यांना त्या कंपनीच्या आधी कळायचं, आणि कंपनीला लगेच कळवायची सोय नसल्यामुळे ते मला कळवायचे. मी जळगावच्या एका शाळेत मराठी शिकवतो. कॉम्प्युटरशी माझा संबंध इतकाच की या गृहस्थांच्या पुतणीशी माझं लग्न झालं आहे. पण जावई हा ऐकून घेण्यासाठीच करून घ्यायचा असतो अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. "जावईबापू, बसा," असं ते म्हणाले की जळगावची पुढची एसटी चुकली हे मी मनाशी धरून चालायचो.

घरीदारी सगळे त्यांना नाना म्हणत. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी ते नोकरीला असलेल्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला. साहेबांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, त्याच्यासाठी थंडगार खोली करून घेतली आणि मग तो चालवणार कोण हा प्रश्न निघाला, तेव्हा नानांना पंधरा दिवस नाशिकला शिकायला पाठवलं. गेले ते साधे हेडक्लार्क होते. परत आले ते दीक्षा घेऊन. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं आणि एक लुकलुकणारी रेघ, यापलीकडे माणसाला आयुष्यात काही लागतं यावरचा त्यांचा विश्वास उडाला. काही वर्षांनी त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, स्वतःचा कॉम्प्युटर आणला आणि घराच्या पुढच्या खोलीत त्याची स्थापना केली. त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, एका बऱ्यापैकी साडीचं त्याला कव्हर झालं. साडी जुनी होती असं नाना म्हणतात, काकू म्हणत नाहीत.

त्यानंतर चित्रांची आणि खिडक्यांची नवी पद्धत आली आणि नानांच्या आयुष्यात शत्रू आला. त्या कंपनीचं नाव त्यांनी कधीही तोंडातून काढलं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव जितक्या निष्ठेने टाळत तितक्याच निष्ठेने ते 'खिडकीवाला' एवढंच म्हणत. खिडकीवाल्यावर त्यांचा पहिला आक्षेप असा की त्याने माणसाला बोट दाखवून मागायला शिकवलं. "लहान मूल बोट दाखवून मागतं, जावईबापू. ज्याला बोलता येतं त्याने आज्ञा द्यावी. काळ्या पडद्यावर आपण आज्ञा देतो, तो ऐकतो. इथे आपण चित्राला टोचत बसायचं!" दुसरा आक्षेप एका वेळी चार कामं करण्यावर होता. एकदा आम्ही जळगावहून धुळ्याला निघालो असताना एरंडोलच्या स्टँडवर त्यांनी हा विषय थेट कंडक्टरसमोर मांडला. "तुम्ही तिकीट फाडता की गाडी चालवता?" कंडक्टर म्हणाला, "तिकीट फाडतो." "दोन्ही करायला सांगितलं तर?" "तर तुम्ही सगळे नाल्यात जाल, आबा." नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा. हे याला कळतं, अमेरिकेत कळत नाही." पारोळ्यापर्यंत कंडक्टर त्यांच्या बाजूच्या सीटकडे फिरकला नाही.

ब्राउझरचं ज्ञान त्यांना टपालाने येणाऱ्या एका इंग्रजी मासिकातून मिळे, आणि तेही दोन महिने उशिरा. म्हणजे तिकडे लढाईचा निकाल लागलेला असायचा आणि इकडे नाना अजून बाजू घेत असायचे. ब्राउझर मुख्य दोन, एक जहाजाच्या सुकाणूचं चित्र असलेला आणि दुसरा निळ्या 'ई'चा. दुसरा खिडकीवाल्याचा, म्हणून नाना साहजिकच सुकाणूच्या बाजूचे. निळा ई फुकट मिळतो हे वाचल्यावर तर त्यांचा पारा चढला. "आमच्या सावद्याच्या मामेभावाला विचारा. केळीचा नवा व्यापारी पहिल्या वर्षी बांधावर येऊन स्वतःच्या पैशाने चहा पाजतो. दुसऱ्या वर्षी भाव तो सांगतो, आणि चहा आपण पाजतो." मी म्हटलं, नाना, पण तुम्ही दोन्हींपैकी एकही पाहिलेला नाही. यावर ते अत्यंत समंजसपणे म्हणाले, "म्हणूनच माझं मत निःपक्षपाती आहे." सांगायला संकोच वाटतो, पण पुढे ज्याला ज्याला मी हे चहाचं सांगितलं त्याला त्याला ते पटलं.

एकदा त्यांनी खिडकीवाल्याला पत्रसुद्धा पाठवलं. मसुदा आठ दिवस चालला होता. 'काळा पडदा लपवून ठेवू नये, तो दर्शनी भागी असावा', अशी नम्र पण स्पष्ट सूचना त्यात होती, आणि शेवटी 'सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेला लिफाफा जोडला आहे' असं होतं. त्या लिफाफ्यावर भारतीय टपाल तिकीट होतं. अमेरिकेत ते चालणार नाही असं मी सुचवून पाहिलं, तर म्हणाले, "त्यांना गरज असेल तर तिकीट लावतील." पत्र रजिस्टर करून, पोचपावतीसह गेलं. दोन-अडीच महिन्यांनी पोचपावती परत आली, तिच्यावर एक वेडीवाकडी सही. पत्र घेणाऱ्या कुणा कारकुनाची असावी, असं आम्हा सामान्य माणसांचं मत पडलं. मालकाने स्वतः सही करून घेतलं असणार, असं नानांचं मत पडलं, आणि "पण सुधारणार नाही तो," असंही ते पुढे खेदाने म्हणाले. ती पावती काकूंनी लाडवाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलेली सापडली त्या दिवशी घरात बरंच ऐकू आलं.

या काळ्या पडद्याचा जगाला एकच उपयोग झाला, पण तो मोठा झाला. समाजाच्या वधू-वर सूचीचं काम मंडळाने नानांकडे दिलं. धुळे-जळगावची उपवर मुलंमुली त्यांच्या मशीनमध्ये गोळा झाली. मशीन फाइलला इंग्रजीतली आठच अक्षरं देत असे, त्यामुळे पुरुषोत्तम नावाचा मुलगा त्यांच्या लेखी कायम 'पुरुषोत' राहिला. "ज्याला आठ अक्षरांत आपली ओळख सांगता येत नाही त्याचा संसार पसरटच होणार," असा निकालही त्यांनी देऊन टाकला. बघण्याचा कार्यक्रम झाला की पुढचं पत्रही तिथेच निघे. एक नंबर दाबला की होकार, दोन दाबला की 'पत्रिका जुळत नाही'. दोन दाबताना पत्रिका कुणी पाहिलेली नसे. पण नकार कसा सभ्य आणि छापील मिळे, त्यामुळे कुणाचं मन फारसं दुखत नसे. नकार सात ओळींचा होता आणि होकार चांगला चौदा ओळींचा, मानपानासकट. प्रिंटर असा काही करकरायचा की तो किती वेळ चालला यावरून ओट्यावर बसलेल्या गल्लीला निकाल कळायचा. सूचीची सगळी टंकणी नानांची एकुलती एक मुलगी वैशाली करत असे. बी.कॉम. झाल्यापासून पाच वर्षं तिने गावभरच्या मुलींचे होकार-नकार छापले, आणि आता पाळी तिची होती.

मुलगा अमळनेरचा, इंजिनिअर, बंगलोरला नोकरीला. शांत, हसरा, पोहे सांडू न देता खाणारा. मी त्या कार्यक्रमाला जळगावहून मुद्दाम गेलो होतो. मुलाच्या वडिलांनी रीतीप्रमाणे "मुलीला काही विचारू का?" म्हटलं, तर नाना म्हणाले, "आधी मला विचारायचंय." आणि मुलाकडे वळून, "ब्राउझर कोणता वापरता?"

मुलाची आई घाईघाईने म्हणाली, "नाही हो, आमचा मुलगा सुपारीसुद्धा खात नाही."

मुलगा मात्र गंभीरपणे म्हणाला, "ऑफिसात जो असेल तो, नाना."

"उद्या बायकोबद्दलही असंच म्हणाल. घरात जी असेल ती!"

वैशालीने तोंडावर पदर धरला. मुलाने खाली पाहिलं, पण त्याचे खांदे हलत होते. दोघं एकाच गोष्टीला हसताहेत हे माझ्या लक्षात आलं, काकूंच्याही आलं. नानांच्या आलं नाही, कारण तोवर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला होता आणि त्याच्या उत्तरात मुलाने सरळ सांगून टाकलं होतं की त्याचं सगळं काम खिडकीवाल्यासाठीच चालतं, आणि वर्षभरात तो त्यांच्याकडेच अमेरिकेला जाणार आहे.

पाहुणे गेले आणि एरवी कचेरीची भाषा बोलणारे नाना एकदम गावच्या बोलीवर उतरले. "बठ्ठं त्यासनंच शे का? मशीन त्यासनं, पडदा त्यासना, आते पोर बी त्यासलेच दी टाकू का?" सगळंच त्यांचं, मग आता मुलगीही त्यांनाच देऊन टाकायची का, असा त्यांचा सवाल होता.

"पोरले इचारं का तुम्ही?" काकूंनी विचारलं.

"वैशाली, दोन दाब," एवढं सांगून नाना बाहेर आले आणि माझ्याशेजारी ओट्यावर बसले. अमेरिकेतल्या कंपन्या कशा माणसं उचलून नेतात यावर ते बोलायला लागले. मी पहिल्यांदाच नीट ऐकत होतो, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते कंपनीविषयी बोलत नव्हते. अमेरिका किती लांब आहे, तिकडे दिवस असला की इकडे रात्र असते, हे ते मला भूगोलाच्या मास्तरासारखं समजावून सांगत होते. मुलगी धुळ्याबाहेर जळगावला दिली असती तरी त्यांनी एसटीचं वेळापत्रक पाठ केलं असतं. या माणसाला खिडक्यांची नाही, अंतराची भीती वाटत होती.

आत प्रिंटर सुरू झाला. समोरच्या ओट्यावरच्या बायका भाजी निवडायच्या थांबल्या. एक, दोन, पाच, सात ओळी झाल्या. प्रिंटर थांबला नाही.

आठवी ओळ, नववी ओळ. नाना उठले आणि आत गेले, मीही मागोमाग गेलो. वैशाली मशीनसमोर ताठ बसली होती आणि कागद अजून वर सरकत होता.

"काही बिघाड झाला असेल," मी म्हणालो. प्रसंग निभावून नेण्याची जावयाची ती केविलवाणी धडपड होती.

"मशीन चुकत नाही, जावईबापू," नाना माझ्याकडे न बघता म्हणाले. "सांगितलं ते करतं." मग तिला विचारलं, "काय दाबलं?"

"एक."

"पाहून दाबलं?"

त्यांना 'चुकून' असं उत्तर हवं होतं. ती तसं म्हणाली असती तर कागद फाडून पुन्हा दोन दाबता आलं असतं, कुणाचाच मान गेला नसता. वैशालीला ते ठाऊक होतं.

"पाहूनच दाबलं, नाना," ती म्हणाली.

नानांनी कागद ओढून घेतला. आता फाडतात असं मला वाटलं, आणि त्यांनी फाडलीही, पण कडेची भोकांची पट्टी. आधी डावीकडची, मग उजवीकडची, अगदी सावकाश, एकही कोपरा दुखावू न देता. काकूंकडे पेन मागितलं. सही केली, ती त्यांच्या नेहमीच्या सहीसारखी आली नाही. घडी घालून ते म्हणाले, "टपालात मीच टाकतो." पेटीपर्यंत मी बरोबर गेलो. वाटेत निळ्या ईची आवृत्ती चौथी तिसरीपेक्षा कशी वाईट आहे हे ते मला सांगत राहिले, आणि मी त्यांना मनापासून होकार देत राहिलो.

लग्न थाटात झालं. वर्षभरात ठरल्याप्रमाणे ती दोघं गेली. पुढे धुळ्यात बसस्टँडजवळ एका फोनबूथवाल्याने दोन कॉम्प्युटर टाकून इंटरनेटची पाटी लावली. नव्व्याण्णव साली एका रविवारी सकाळी मी धुळ्याला गेलो होतो, तर नाना म्हणाले, "चला, जरा बाहेर जाऊन येऊ." बूथवाल्याने त्यांना पाहताच उठून कोपऱ्यातली खुर्ची पुसून दिली. नाना दर रविवारी येतात, हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. पडद्यावर निळा ई होता. नानांनी त्याच्याविषयी एक शब्द काढला नाही. चष्मा पुसला, आणि पान उघडेपर्यंत दोन्ही हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसले.

वैशालीचं पत्र होतं. मराठी अक्षरं तेव्हा पडद्यावर येत नसत, म्हणून तिने आपली गावची बोली इंग्रजी अक्षरांत लिहिली होती. आयुष्यभर सरकारी इंग्रजी घडाघडा वाचणारे नाना एकेका अक्षरावर बोट ठेवून, पहिलीतल्या मुलासारखे मोठ्याने जुळवून वाचू लागले. "ना-ना... आठे बठ्ठं... बरं शे. तुम्ही... जेवनात का? माले... तुमनी... याद येस." बूथमधलं कुणीच हसलं नाही. मला नानांविषयी इतकी माया कधी वाटली नव्हती, आणि ती त्यांना सांगायची कशी हे मराठी शिकवूनही मला कळेना.

पत्र लहानच होतं. नानांनी ते दोनदा वाचलं, वरची तारीखसुद्धा वाचली. मग अजून काही लिहिलंय का ते बघायला खाली जायचं बटण दाबलं. खाली कोरं होतं. त्यांनी आणखी एकदा दाबलं, मग आणखी एकदा, आणि मी शेजारी उभा राहून ते कोरं पान त्यांच्याबरोबर बघत राहिलो.